मागं बघायचं न्हाई

व्हिडिओ तीन मिनिटं अकरा सेकंदांचा होता आणि त्यात कल्याण पाठमोरा होता. सकाळचे सात वाजले होते. जालन्यात मस्तगडच्या दोन खोल्यांत त्याची बायको शीतल डबे भरत होती, कल्याण मानेला पट्टा बांधून चहा पीत बसला होता आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला होता, कारण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर असल्यामुळे त्याला फोन फार वेळ धरवत नसे. गावाच्या ग्रुपवर शहागडच्या फोटोग्राफरच्या मुलाने तो टाकला होता. वडिलांच्या कपाटात जुनी सीडी सापडली, सन दोन हजार सहा, चंपाषष्ठी, आपल्या गावच्या बारा गाड्या, भगत कल्याण रखमाजी. खाली जोडलेल्या हातांच्या रांगाच्या रांगा लागल्या होत्या. कोणी लिहिलं होतं, गावाची शान. कोणी लिहिलं होतं, असा गडी पुन्हा होणे नाही. कल्याणने घोट घेतला आणि व्हिडिओ लावला. पहिल्या मिनिटात त्याला आपण दिसलो, हळदीने पिवळे, एकोणीस वर्षांचे, मान बैलासारखी. मग कॅमेरावाला चालत चालत बाजूला गेला, आणि मग मागे गेला.

कल्याणच्या गावी, शहागडच्या अलीकडे गोदाकाठाला, चंपाषष्ठीच्या यात्रेत बारा बैलगाड्या बैलांशिवाय एकीमागे एक साखळीने जोडतात, त्यांत माणसं खच्चून बसवतात, आणि सहा दिवस उपास केलेला एक माणूस कंबरेला दोर बांधून त्या गाड्या वडापासून खंडोबाच्या देवळापर्यंत ओढत नेतो. तो भगत. देव त्याच्या अंगात येतो आणि देवच ओढतो, असं गाव मानतं. भगताला खाण्यापिण्याचे, शिवाशिवीचे पुष्कळ नियम असतात, पण दोर बांधणारा म्हातारा पुंजारामबाबा कानात एकच सांगतो, मागं बघायचं न्हाई. कल्याणने ते पाळलं होतं. त्यामुळे आपल्यामागे त्या दिवशी काय चाललं होतं हे तो अडतिसाव्या वर्षी, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर, पहिल्यांदा बघत होता. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकाला माणसं होती. आऱ्यांना हात घातलेली, फळीला खांदा लावलेली, टाचा मातीत रुतवलेली, मान खाली घातलेली माणसं. शेवटच्या गाडीला त्याचा बाप रखमाजी होता. पटका सोडून त्याने गाडीच्या खुंटाला अडकवला होता आणि कपाळ फळीला टेकवून तो असा रेटत होता, की त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा त्या धुरकट चित्रातही दिसत होत्या.

प्रिया त्याच्या खांद्यावरून बघत होती. ती अकरा वर्षांची, तिला काहीही दिसलं की मोजायची सवय. तिने व्हिडिओ दोनदा मागे नेला, ओठ हलवत बोट फिरवलं आणि म्हणाली, 'पप्पा, सदतीस माणसं आहेत मागे. आणि चार-पाच नीट दिसत नाहीत.' कल्याणने शीतलकडे बघितलं. तिने पोळी तव्यावरून उतरवली आणि दूध नासलंय का विचारावं तितक्या सहज विचारलं, 'तुम्हाला माहीत नव्हतं?' मग त्याचा चेहरा बघून तिने पुढची पोळी तव्यावर टाकली, पण तोवर वेळ गेली होती. ती मस्तगडातच जन्मलेली, शहरातली. लग्नानंतरच्या वर्षी यात्रेला आली होती, कडेला उभी राहिली होती आणि डोळ्यांना दिसलं ते बघून परत आली होती. एवढ्या गाड्या एकटा माणूस कसा ओढेल, तो काय ट्रॅक्टर आहे, असं तिला वाटलं होतं आणि सगळ्यांनाच तसं वाटत असेल असंही वाटलं होतं. तेरा वर्षांत हा विषय काढण्याचं तिला काही कारणच पडलं नव्हतं.

भिंतीवर त्या दिवसाचा एकच फोटो होता. देवळापुढे पोचल्यावर बापाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तेव्हाचा. बाप धापा टाकत होता, डोळ्यांत पाणी होतं, बोलता येत नव्हतं. पोरानं नाव काढलं म्हणून म्हातारा गहिवरला, असं कल्याण वर्षानुवर्षं लोकांना सांगत आला. फोटोत त्याच्या पिवळ्या गालांवर चार-चार काळी बोटं उमटली होती. ती सावली असावी, असं त्याने कधीतरी ठरवून टाकलं होतं. आता तो उठला, पट्ट्यामुळे सगळं अंगच वळवून भिंतीपाशी गेला आणि जवळून बघितलं. ते वंगण होतं. गाडीच्या आसाचं, काळंकुट्ट, आठवडाभर साबणाला दाद न देणारं वंगण. बाप मरून नऊ वर्षं झाली होती आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. कल्याणला पहिल्यांदा राग आला तो बापाचाच आला.

त्या दिवशी सळ्यांच्या गिरणीच्या गेटवर त्याने किती ट्रक आत सोडले याची त्याला शुद्ध नव्हती. एमआयडीसीत सळ्या ओढणाऱ्या एका कारखान्यात तो सिक्युरिटीचा सुपरवायझर होता, सगळे त्याला फौजी म्हणत. आत लालभडक सळई रुळांवरून सापासारखी सरसरत येई आणि तिची धग गेटपर्यंत लागे. तो खुर्चीत बसून तीच एक गोष्ट आठवत राहिला: वजन. दोर ताणला तेव्हाचं वजन. पहिल्या झटक्याला पृथ्वीच कमरेला बांधल्यासारखी वाटली होती. कंबर तुटेल, आतडी तोंडात येतील असं झालं होतं, आणि मग एकाएकी, कोणीतरी फुंकर घातल्यासारखं, ते हलकं झालं. हाच तो क्षण. देव आला, असं त्याला वाटलं होतं, आणि देव आला म्हणजे काय हे त्याला जन्मात एकदा अंगाने कळलं, म्हणून बाकी कशाबद्दल त्याने कधी तक्रार केली नव्हती. ते हलकं होणं म्हणजे सदतीस माणसं होती. शिवाय चार-पाच नीट न दिसणारी.

पुढचं सगळं आयुष्य त्या क्षणातून निघालं होतं, हे तर आणखी वाईट. वर्षभराने तो सैन्यात भरती झाला. पुण्याला ट्रेनिंगमध्ये असताना गावाकडच्या एका हवालदाराने साहेबांना सांगितलं, या पोराने एकट्याने बारा गाड्या ओढल्यात. साहेब हसले आणि त्यांनी त्याला मैदानावर नेलं. रग्बी हा शब्द कल्याणने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चेंडू लांबट होता आणि टप्पा पडला की कुठेही जायचा. पण स्क्रम त्याला लगेच कळला: आठ इकडचे, आठ तिकडचे, डोक्यात डोकी अडकवून रेटायचं. त्याला पुढच्या फळीत घातलं. पहिल्याच रेट्याला तेच झालं, आधी अशक्य वजन आणि मग एकाएकी हलकं. खंडोबा पुण्यालाही आला, असं त्याला वाटलं. मागे सहा फुटी दोन जवान त्याच्या मांड्यांखाली खांदे लावून जीव खाऊन रेटत होते, त्यांच्यामागे आणखी होते, हे त्याला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. पण ते आहेत म्हणून नव्हे, आपण आहोत म्हणून हे हलतं, अशी त्याची आतून खात्री होती, आणि अशी खात्री असलेला माणूस पुढच्या फळीत फार उपयोगाचा असतो. चार वर्षांत तो भारताच्या संघात गेला. निळी जर्सी घालून नऊ सामने खेळला, कोलंबोला, दोह्याला, ताश्कंदला. राष्ट्रगीताच्या वेळी त्याला दर वेळी वडापासून देवळापर्यंतची ती वाट आठवायची.

त्या खेळाचा एक विचित्र नियम आहे. चेंडू हातात घेऊन पळायचं पुढे, पण तो फेकायचा मात्र फक्त मागे. पुढे फेकला की फाऊल. म्हणून ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला मागे कोण येतंय हे सतत माहीत असावं लागतं. कल्याणला तेवढं कधी जमलं नाही. 'पीछे देख, कल्याण,' कोच ओरडायचे, नऊ वर्षं ओरडले, सरावात, सामन्यात, जेवतानासुद्धा. तो मान हलवायचा आणि चेंडू मिळाला की डोकं खाली घालून घुसायचा. ताश्कंदला सामना संपायला दोन मिनिटं होती, भारत चार गुणांनी मागे होता आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवला की पाच मिळतात. रेषा पाच मीटरवर होती. त्याच्या डाव्या खांद्यामागे ओडिशाचा कडेचा खेळाडू, विंगर, हात पसरून पळत होता, त्याच्यापुढे एकही माणूस नव्हता, मोकळं रान. तो पोरगा त्याचं नाव घेऊन ओरडत होता. कल्याणने नाव ऐकलं, मान खाली घातली आणि तिघांच्या अंगावर गेला. नंतर त्याला आठवत होतं ते गवत, अगदी डोळ्याजवळ, आणि हात आपला नसल्याची भावना. दवाखान्यात कोच येऊन बसले. ते म्हणाले, 'एक पास. बस, एक पास था.' मानेचे दोन मणके, बधिर बोटं, मग टेबलावरची नोकरी, पंधरा वर्षं भरली तशी पेन्शन आणि गिरणीचं गेट. लोकांनी विचारलं, कोणता खेळ, की तो पूर्वी रग्बी सांगायचा. लोक म्हणायचे, ते हेल्मेटवालं का. गावचे फ्लेक्सवर दर वर्षी आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू छापायचे. त्याने सुधारायचं सोडून दिलं. त्याला त्याची फिकीर नव्हती, कारण एक गोष्ट अशी होती जी अख्ख्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. बारा गाड्या एकट्याने ओढल्या. सगळं गेलं तरी ते त्याचं होतं, आणि आज सकाळी चहाबरोबर ते गेलं.

दुपारी त्याने थोरल्या भावाला, आदिनाथला, फोन लावला. आदिनाथ कापसात होता, मागे बायांचा आवाज येत होता. कल्याणने आडवळण न घेता विचारलं, त्या वर्षी तू ढकलत होतास का. आदिनाथला प्रश्नच कळला नाही. 'हात लावला होता,' तो म्हणाला. 'समदेच लावतेत. आबांनी बी लावला होता. तू बी लावायचा की, ल्हान होतास तव्हा.' हे खरं होतं. कल्याण पंधरा वर्षांचा असताना त्यानेही चाकाला हात लावला होता, पुण्य लागतं म्हणून. तळहाताला फोड आले होते आणि आईने तेल लावताना कशाने आले असं विचारलंही नव्हतं. हात लावायचा असतो. टाचा रुतवून, दात खाऊन, कपाळ टेकवून लावायचा असतो, पण तो फक्त हात असतो, ओढतो देव. गावात एकही माणूस खोटं बोलत नव्हता. प्रत्येकाला आपल्या एकट्याचा हात तेवढा माहीत होता. तरी कल्याणने विचारलं, आणि हात लावलेच नाहीत तर? मग आदिनाथ म्हणाला, असलं काही बोलू नये, यंदा सूरज भगत हाये.

सूरज हा आदिनाथचा मुलगा, बावीस वर्षांचा, पोलीस भरतीच्या मागे लागलेला. जानेवारीत त्याची मैदानी चाचणी होती. पहाटे धरणाच्या रस्त्याला सोळाशे मीटर पळायचा आणि आपला वेळ काकाला पाठवायचा. खोलीत त्याने कल्याणचा जर्सीतला फोटो लावला होता. गावात तो एकटाच होता ज्याला रग्बी आणि कबड्डीतला फरक माहीत होता. उपासाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. 'काका, वजन लागतं का हो?' त्याने विचारलं. कल्याण गेटवर उभा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि फार तर पोराचं मन जरा खट्टू झालं असतं. तो म्हणाला, 'लागतं. मंग हलकं होतं.' सूरजने विचारलं, 'कव्हा?' कल्याण म्हणाला, 'देव आला की.' फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं, की आपण हे खोटं म्हणून बोललो नाही. सूरजला ते हलकं होणं मिळणार आहे, त्याला ते खरं वाटणार आहे आणि मरेपर्यंत त्याचं राहणार आहे, हे त्याला सहन झालं नव्हतं. असूया म्हणतात ती हीच. चाळिशीला आलेल्या माणसाला पुतण्याची यावी ही लाजिरवाणी गोष्ट होती, पण ती आली होती आणि जात नव्हती.

चंपाषष्ठीला तो शीतलला आणि प्रियाला घेऊन गावी गेला. हायवेवर ट्रकांची रांग होती, गावात शिरताना फ्लेक्स होता, त्यावर तो पाहुणा म्हणून आणि सूरज भगत म्हणून. भरीत-रोडग्याचा वास सगळ्या गल्लीत भरला होता. गावात आता लाकडी गाड्या चारच उरल्या होत्या. बाकीच्या आठ ऊसतोडवाल्यांच्या टायरगाड्या मागून आणल्या होत्या, जुन्यांपेक्षा जड. बाया, लेकरं, म्हातारे, सगळे त्यांत चढून बसले होते. कमिटीने यंदा जालन्याहून ड्रोनवाला बोलावला होता, यूट्यूबवर टाकायला. ते यंत्र वडाच्या वर घोंघावत होतं आणि लोक वर बघून हात करत होते. कल्याण स्टेजवर पुंजारामबाबाच्या शेजारी बसला होता. पुंजाराम सत्तरीचा, कमिटीचा प्रमुख. चाळीस वर्षं प्रत्येक भगताला त्यानेच दोर बांधला होता. कल्याणने वर बघितलं, मान दुखली, आणि त्याच्या तोंडून निघालं, 'बाबा, औंदा वरून शूटिंग हाये. समदं दिसंल. हात बी दिसतील.'

'दिसू दे की,' पुंजाराम म्हणाला. 'हात तर पैल्यापासून लावतेत.'

'तुम्हाला ठावं हाये ते. बाहेरचे म्हणतील, ढकलून राह्यले.'

पुंजाराम दुखावला. 'ढकलतंय कोण? देव ओढतो. हात लावायचा असतो नुसता.'

'मंग औंदा नका लावू,' कल्याण म्हणाला. 'देव हाये की.'

यात चूक काढायला जागाच नव्हती. आणि सांगणारा कोण, तर गावाचा सर्वांत मोठा भगत. पुंजाराम उठला आणि त्याने माईकवर जाहीर केलं, की यंदा जग बघणार आहे, यंदा कोणी गाडीला हात लावू नये, देवाची ताकद जगाला दिसू द्यावी. लोकांना ते फार आवडलं. येळकोटाचा गजर झाला. वडाच्या पारावर सूरज हळद लावून बसला होता, सहा दिवसांत गाल आत गेलेले. त्यानेही ऐकलं आणि स्टेजकडे बघून हसत हात जोडले. चाकांजवळची माणसं एक एक करून मागे सरकली आणि शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी हात बांधून उभी राहिली. गावात खोटं बोलणारं कोणी असतं तर त्याने या क्षणी काहीतरी सबब काढून हे मोडलं असतं. पण तसं कोणी नव्हतं.

आदिनाथ तेवढा स्टेजच्या मागच्या बाजूने आला. तो त्याच्या जवळ येऊन हळू म्हणाला, 'कल्याण, हात लावू दे.' का, असं कल्याणने विचारलं. 'पोराची जानेवारीत भरती हाये.' कल्याण म्हणाला, 'मंग काय झालं? देवच ओढतो ना, दादा?' आदिनाथने तोंड उघडलं. आजूबाजूला तीसेक माणसं उभी होती. त्याला जे माहीत होतं ते बोलायचं तर देव येत नाही असं म्हणावं लागलं असतं, आपला पोरगा भगत नाही, समोरचा भाऊ भगत नव्हता, बाप नुसता गाडी ढकलून मेला, हे सगळं एका दमात म्हणावं लागलं असतं. त्याने आपले तळहात उलटे-सुलटे करून बघितले आणि तो गर्दीत निघून गेला. कल्याणला वाटलं, तो अजून एकदा म्हणाला असता तर आपण उठलो असतो. कदाचित उठलो असतो.

ऊन उतरायला लागलं होतं. कल्याण स्टेजवरून उतरून गाड्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, बाप उभा होता तिथे, शेवटच्या गाडीपाशी. दोर ताणल्याचं साखळ्यांवरून कळलं. एकीमागे एक बाराही खडखडल्या आणि थांबल्या. गाड्या तसूभर हलल्या नाहीत. पुन्हा खडखडल्या. आता गजर कमी झाला होता. लोक एकमेकांकडे बघत नव्हते. कल्याण बाजूला सरला तसा त्याला सूरज दिसला, पुढे झुकून जवळजवळ जमिनीला समांतर झालेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, बोटांनी माती उकरत. तो वाट बघत होता. वजन लागतं, मग हलकं होतं, काकाने सांगितलं होतं, आणि तो त्या हलकं होण्याची वाट बघत ओढत होता, म्हणून थांबत नव्हता. शहाणा माणूस दुसऱ्या खेपेलाच थांबला असता. तिसऱ्या खेपेला काहीतरी तुटल्याचा आवाज आला असं बाया नंतर सांगत होत्या. कल्याणला आवाज आला नाही. त्याला फक्त सूरजचा डावा पाय न वाकता बाजूला गेलेला दिसला आणि मैदानावर असं बघितलेलं असल्यामुळे त्याला लगेच कळलं, की मांडीचा स्नायू हाडावरून सुटला, आठ महिने, जानेवारी गेली, त्यापुढचीही बहुधा. आणि त्याला बरं वाटलं. वाईट नंतर वाटेल असं त्याला वाटलं, पण त्या क्षणी, शेवटच्या गाडीपाशी, त्याला मनापासून बरं वाटलं. सूरज तोंडावर पडला होता, ओरडत होता, पण पडल्यावरही त्याने मागे बघितलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, फौजीला लावा दोर. ते एकाने म्हटलं, मग चौघांनी, मग सगळ्यांनी. गाड्या वडाखालीच अडून राहणं गावाला परवडणारं नव्हतं. सूरजला उचलून नेलं. शीतल गर्दीतून पुढे आली आणि तिने त्याच्या दंडाला धरलं, डॉक्टरने काय सांगितलंय ते आठवा म्हणाली. त्याने मानेचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला. पुंजारामबाबाने दोर बांधला आणि कानात तेच सांगितलं. या खेपेला माईकवर कोणी काही बोललं नाही. ड्रोन अजून वर होता, पण आता त्याचं कोणाला भान नव्हतं. कल्याण झुकला. कंबरेला पृथ्वी लागली, बोटांपासून खांद्यापर्यंत आग गेली, आणि मागे त्याला पायांचे आवाज ऐकू आले, पळत येणारे, शंभर एक पाय, आणि मग फळ्यांवर हात पडल्याचे आवाज. आणि ते हलकं झालं. त्याला प्रत्येक हात कळत होता. तरी तो आनंद तोच होता, एकोणिसाव्या वर्षीचा, जसाच्या तसा. शरीराला काही कळत नव्हतं, ते आपलं कुत्र्यासारखं खूश होत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. देव आला, बाया म्हणाल्या. भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं. एकदा मागे बघावं, फक्त एकदा, असं त्याला देवळापर्यंत वाटत राहिलं आणि त्याने बघितलं नाही. देवळापुढे हार घालताना त्याला गर्दीत प्रिया दिसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती गाड्यांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

अंबडच्या दवाखान्यात न्यायला जीप यायची होती. तोवर सूरजला घरातल्या बाजेवर ठेवलं होतं, मांडीखाली उशी देऊन. मांडी आताच काळीनिळी व्हायला लागली होती. कल्याण आत आला तेव्हा सूरजने आईला पाण्याला बाहेर पाठवलं. आदिनाथ दारात उभा होता, तो शेवटच्या गाडीपासून आत्ताच आला होता, छाती भात्यासारखी चालली होती आणि हात कोपरापर्यंत वंगणाने काळे झाले होते.

'काका,' सूरज म्हणाला, 'तुम्हाला एकट्यालाच सांगून राह्यलो. चौथ्या दिवशी म्या अंडी खाल्ली. दोन. पळताना पाय गळून जात होते, ग्राऊंड जवळ आल्तं म्हून. कोणालाच ठावं न्हाई. त्याच्यामुळंच झालं ना हे?'

आदिनाथने हात पाठीमागे घेतले. तो कल्याणकडे बघत होता आणि त्याने काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत होता, मघाशी आपल्याला जे बोलता आलं नाही ते. वाक्य तयार होतं. गाड्या माणसं ढकलतात, पोरा. एवढंच. बाहेर माईकवर कल्याणचं नाव पुकारत होते, एकोणीस वर्षांनी पुन्हा तोच भगत, एकटा, आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू. पोरगा बाजेवरून त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि आपल्या मागे दारात कोण उभं आहे ते कल्याणला पक्कं माहीत होतं.

'मंग खायची नव्हती,' कल्याण म्हणाला.

सूरजने मान हलवली. कारण कळल्यामुळे त्याला जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं. 'तुम्ही साही दिवस बराबर पाळले असतील,' तो म्हणाला.

'बिलकुल,' कल्याण म्हणाला. त्याने खाली वाकून सूरजचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बापाने धरला होता तसा. त्याचे हात स्वच्छ होते. सूरजच्या गालांवर काहीच उमटलं नाही.